खाली टांगलेली घंटा

भावनानं डाव्या हातानं घंटा वाजवली, आणि फुटाणे वाटणाऱ्या वस्ताद खुशालरावांचा हात परातीतच थांबला.

अकोटच्या त्या व्यायामशाळेचा शनिवारचा नेम ठरलेला होता. वजनं जागेवर ठेवायची, मारुतीसमोरची घंटा वाजवायची, ओंजळीत गूळ-फुटाणे घ्यायचे आणि घरची वाट धरायची. घंटा मात्र भलतीच खाली टांगलेली होती. ठेंगण्या भावनाच्या ती कपाळाला लागे, उंचापुऱ्या मोतीरामच्या तर छातीला. "देवाची घंटा हाये का बैलाच्या गळ्यातली?" असं तो दर शनिवारी म्हणे आणि सगळे दर शनिवारी हसत.

भावनानं तर मारुतीला नवसच बोलला होता. उद्या, रविवारी, अमरावतीला राज्याच्या संघासाठी वजन उचलण्याची निवड चाचणी होती. त्यात नाव आलं की पितळेची नवी साखळी आणायची, चांगली आखूड. घंटा देवळात असते तशी डोक्याच्या वर टांगायची. हात उंचावल्याशिवाय देवाला हाक मारल्यासारखं वाटत नाही, असं तिला लहानपणापासून वाटे.

"आज डावा हात काहून वं?" खुशालरावांनी विचारलं.

"उजव्यात पिशवी होती, काका."

पिशवी भिंतीच्या खुंटीवर होती. खुशालरावांनी खुंटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिच्या ओंजळीत गूळ-फुटाणे टाकले. शेवटची सायकल फाटकाबाहेर गेली तेव्हा ते म्हणाले, "थांब जराशी. उजवा हात बाजूनं वर ने. हळू."

हात खांद्यापर्यंत आला. त्यापुढे तिनं दात आवळले, खांदा कानाकडे ओढला आणि हात कसाबसा वर रेटला.

"किती दिस झाले?"

"तीन हप्ते." मग तिला काही लपवता येईना. रोज रात्री मलम चोळत होती. उजव्या कुशीवर झोप लागत नव्हती. आणि तीन हप्ते ती मुद्दाम उशिरा येत होती. वजनाआधी खांदा गरम करायला काठी फिरवताना, रबराची पट्टी ताणताना चेहरा वाकडा होई. तो काकांना दिसू नये म्हणून ते सगळं टाळून, थंड खांद्यानंच ती थेट वजनाला हात घालत होती.

"म्हंजे दुखते म्हणून खांदा गरम करणं सोडलं, आन् गरम नाई केला म्हणून आणखी दुखला," खुशालराव म्हणाले. "उद्या जायचं नाई. सोमवारी डॉक्टरले दाखवू. तो हो म्हणे तोवर वजन डोक्यावर न्यायचं नाई. पायाचा व्यायाम चालू ठेव."

"काका, एकच दिवस! उद्याचा एक दिवस जाऊ द्या, मग म्हणान तितका आराम करते."

"पुढच्या साली बी चाचणी हाये."

"तुमाले म्हणायले काय लागते? बाकावर बसून नुसतं बोटानं 'आणखी वर, आणखी वर' सांगता. खांदा तर माया दुखून राहिला, तुमचा थोडीच!"

बोलली आणि तिची तिलाच लाज वाटली. पण बोलली ते खोटं नव्हतं. खुशालरावांनी कधी स्वतः वजन उचलून दाखवलं नव्हतं. काठी ते पोरांच्या हाती देत. दिवा बदलायचा झाला तरी स्टुलावर मोतीरामला चढवत.

ते रागावले नाहीत. त्यांनी परात खाली ठेवली, चपला काढल्या आणि मारुतीसमोर उभे राहिले. सगळे गेल्याशिवाय ते घंटा वाजवत नसत. भावना आज पहिल्यांदाच मागं राहिली होती.

त्यांचा उजवा हात उठला. खांद्याच्या रेषेत आला आणि तिथंच थांबला. वर गेला नाही. बोटांना घंटेचा लोलक बरोबर तिथं सापडला. एकदाच, पण खणखणीत, घंटा वाजली.

"मी बी एकच दिवस म्हणलं होतं," मागं न वळता ते म्हणाले. "तीस वर्सं झाले."

भावनानं त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच उंचीवर टांगलेल्या घंटेकडे. तीन हप्ते छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी अलगद उतरवून घ्यावं, तसं तिला वाटलं. उद्या पहाटेची बस नव्हती, मलम लपवायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं. डाव्या मुठीतले गूळ-फुटाणे अजून तसेच होते. तिनं ते तोंडात टाकले. आज गुळाची चव लागली.

मग तिनं हात जोडले. छातीशी जोडले तर खांदा दुखत नव्हता.

"मारुतीराया," ती मनात म्हणाली, "निवड पुढच्या साली झाली तरी साखळी पितळेचीच आणीन. पण लांबी हीच ठेवीन."