विमानाच्या नाकात

हितेश परत मूर्तिकार हिरामणच्या हातांकडे बघत होता. समोर रिमोटवरचं विमान ठेवलेलं, पण याची नजर हिरामणच्या बोटांवर.

हिरामण उभ्या गणपतीच्या बैठकीत चिंधीत बांधलेली रेती कोंबत होता. काथ्याची गाठ मारली, दोन बोटांनी ती मागच्या कोपऱ्यात दाबली आणि वर प्लास्टर ओतलं.

"काका, ही रेती कशाला?" हितेशने विचारलं.

"रीत हाय," हिरामण म्हणाला आणि पाठ फिरवली.

जोह्यात, गणपतीच्या कारखान्यांच्या ह्या गावात, असले प्रश्न सरळ माणूस विचारत नाही, असं हिरामणचं पक्कं मत. महिपती नावाचा एक कारागीर असाच गोडगोड प्रश्न विचारायचा. ह्याच घरात जेवला आणि जाताना हिरामणच्या सर्वात देखण्या मूर्तीचा साचा उतरवून घेऊन गेला. पुढच्या वर्षी तोच गणपती शेजारच्या आळीतल्या कारखान्यात रांगेनं बसलेला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यात हिरामणचं काय चुकलं?

पण ह्या वेळी साच्याची नाही, पोराच्या पोटाची गोष्ट होती. त्याचा मुलगा प्रविण आणि हितेश रोह्याच्या एका कंपनीत फिटर. कंपनीला टाळं लागलं आणि दोघंही घरी बसले. प्रविणला लहानपणापासून विमानांचं वेड. रिमोटवर उडणारं, पण पंख्याचं नाही, खऱ्या जेटसारखं टर्बाइनचं विमान करायचं त्याने ठरवलं. गडबच्या एका गॅरेजात ट्रकच्या टर्बोचं चाक मिळालं. बाकीचं इंजिन हितेशने पेणला ओळखीच्या लेथवर बसून केलं. आधी गॅसवर पेटायचं, मग रॉकेलवर धावायचं, आणि शिट्टी अशी की आळीतली कुत्री घरात शिरायची. विमानाच्या अंगाचा साचा मात्र हिरामणचा. त्यात काचेचं कापड आणि रेझिन बसवून प्रविणने ते गुळगुळीत अंग सोडवलं, तेव्हा हिरामणच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

रविवारी पुण्याचे एक साहेब ते उडताना बघायला येणार होते. असलीच विमानं बनवण्याचा त्यांचा धंदा. पसंत पडलं तर एक माणूस कामाला घेणार होते. एकच. प्रविणने हे हसत सांगितलं. हिरामण हसला नाही.

त्याने बायकोला, इंदुबाईला, हिशेब समजावला. विमान उडवणार प्रविण. पडलं तर नाव त्याचं जाणार. इंजिन हितेशचं, ते तर सगळ्यांसमोर वाजलेलं असणार. मग साहेब कोणाला घेतील?

"तुमाला सगलेच चोर दिसतात," इंदुबाई म्हणाली. "पोरगा घरातल्यासारखा जेवतो हितं."

"महिपती पण जेवायचा गो."

त्यानंतर हिरामणने हितेशवर डोळाच ठेवला. आणि डोळा ठेवला की दिसतंच काहीतरी. हिरामण आला की त्या पोराचं बोलणं थांबायचं. एकदा खाडीवर तो जाळी विणणाऱ्या जनूकडून काहीतरी घेताना दिसला. परतला तेव्हा पँटचा खिसा खाली ओढलेला.

शनिवारी दुपारी प्रविण बॅटऱ्या आणायला पेणला गेला होता. हिरामण कारखान्यात शिरला तर हितेश एकटाच, विमानाच्या नाकावरचं झाकण उघडून दोन बोटांनी आत काहीतरी दाबत होता. हिरामणला बघून दचकलाच. घाईघाईने झाकणाचे स्क्रू लावले.

"काय करतोस रे?"

"काय नाय काका. तपासत होतो," तो म्हणाला आणि खाली बघून हसला.

संध्याकाळी दोघा मित्रांनी पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचललं, ते आडवं स्थिर राहिलं तसे एकमेकांकडे बघून हसले. हिरामणच्या अंगाची लाहीलाही झाली. आपला पोरगा किती भोळा, हे त्याला त्या दिवशी कळलं.

रविवारी सकाळी प्रविण म्हणाला, "आबा, नाकावरची लाल रेघ तुम्हीच काढा. आखणी तुमच्या हातची पाहिजे." दोघं सामान न्यायला गेले. हिरामणने रेघ काढली, मग माती कोरायच्या पत्रीच्या टोकाने स्क्रू फिरवले आणि आत बोटं घातली. काळ्या चिंधीतली पुरचुंडी हाताला लागली. जड, दगडासारखी. नाकात एवढं ओझं, मग विमान तोंडावर पडेल नाहीतर काय! त्याने ती बाहेर काढली, पण उघडली नाही. गाठीसकट साहेबांसमोरच टाकू, असं ठरवून बंडीच्या खिशात घातली आणि झाकण परत बसवलं. प्रविणला आत्ता सांगावं तर उडवताना त्याचा हात चुकायचा.

खाडीकडच्या पडीक मिठागराची जमीन फरशीसारखी टणक झाली होती. इंजिन पेटलं, रॉकेलचा वास सुटला. विमान धावलं आणि उचललं गेलं. हिरामणचा ऊर भरून आला. आपण पोराला वाचवलं, असं त्याला वाटलं.

मग नाक वर गेलं. आणखी वर गेलं. प्रविण रिमोटवर धडपडत होता, पण विमान शेपटीवर उभं राहिलं, उताणं झालं आणि समोरच्या बांधावर फुटलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. हितेश पांढराफटक पडला होता.

हिरामणने त्याची कॉलर धरली. "साहेब, ह्यानं पाडलं! काल नाकात हे कोंबत होता. माझ्या डोळ्यांनी बघितलंय." आणि त्याने पुरचुंडी सगळ्यांसमोर धरली.

प्रविणने ती घेतली. काथ्याची गाठ सोडली. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या त्याच्या तळहातावर पडल्या.

"हे मीच घालायला सांगितलं होतं. इंजिन मागं, मागं जड, म्हणून तोल साधायला नाकात शिसं. चिंधीत बांधून कोपऱ्यात दाबायचं, हे त्याला तुमच्या मूर्तीवरून सुचलं. तुमची रीत उचलली म्हणून सांगायला लाजत होता. आबा, हे कधी काढलंत?"