उलट आणि दहापट

“मोनिका, मायनस कुठंय?” ढोकणे सरांनी माझं जर्नल टेबलावर आपटलं. “सीनियरचं उतरवलंस ना? जा परत गावाला, नेवाशाला, म्हशी राख.”

आमच्या सर्किटमध्ये आत जाईल त्याच्या उलट आणि दहापट बाहेर येतं. कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये मला तसंच आलं होतं. जर्नलमध्ये लिहिताना ‘उलट’ दाखवणारा मायनस तेवढा राहून गेला.

मी मान खाली घालून सर्किटला जोडलेल्या ऑसिलोस्कोपच्या पडद्याकडे बघत राहिले. पडद्याच्या काचेत सरांचा चेहरा दिसत होता. सर ओरडत होते आणि काचेतला चेहरा मायेनं हसत होता. सर जितके चिडले, त्याच्या दहापट तो प्रेमळ होत गेला.

“सर, काचेत बघा.”

सर वाकले. त्यांचा राग ओसरला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या ओठांवर हसू यायला लागलं.

“सर,” मी म्हणाले, “हसू नका.”