गुटगुटीत

“जुलाब नसताना शी कशाला द्यायची?” कडेवरचं लेकरू सावरत छबूनं रिकामी डबी परत केली. डॉक्टरीणबाई पेचात पडल्या. हगवणीचं मूळ शोधायचं, तर प्रत्येक आजारी बाळाच्या जोडीला शेजारचं एक निरोगी बाळ तपासायलाच हवं होतं. पण निरोगी बाळाची आई डबीला हात लावेल तर शपथ!

शेवटी बाईंनी लाडीगोडी लावली. “अगं, अख्ख्या वस्तीत तुझंच लेकरू गुटगुटीत, म्हणून तर निवडलं!” छबू फुलली. डबी भरून आली, आणि दुपारपर्यंत तिचं लेकरू निवडल्याची बातमी नळावर पोचली.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीतले जुलाब जादू केल्यासारखे थांबले. दोऱ्या धुतलेल्या दुपट्यांनी वाकल्या होत्या, पण ज्या दारात जावं तिथली आई म्हणे, “आमचंही ठणठणीत आहे, निवडा की!” आजारी बाळच मिळेना, गावोगावच्या हजारो बाळांचा अभ्यास या वस्तीत अडला.

थकलेल्या बाई छबूच्या शेजारणीकडे टेकल्या. “ह्याला तर कधी शिंकसुद्धा येत नाही,” म्हणत तिनं लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवलं. क्षणात साडीवर पिवळा पातळ ओघळ आला. शेजारीण छपराकडे बघू लागली. बाईंचा चेहरा मात्र उजळला. डबी उघडत त्या म्हणाल्या, “निवडलं!”