उजवा कौल

गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. तात्यांनी हात जोडले. "आई, विहिरीवर पाय घसरून सुनेच्या डोळ्याला लागलंय. नजर परत येणार असेल तर उजवी पाकळी पाड."

पद्मा खांबाला टेकून ताठ बसली होती. तिच्या डाव्या डोळ्यावर नवऱ्याने भिरकावलेला पितळी गडू बसला होता. अख्ख्या दिवेआगरला ते ठाऊक होतं. तात्या मात्र देवीपुढेही विहिरीचंच रेटत होते. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

काल म्हसळ्याच्या डॉक्टरांनी आरशाने उजेड टाकून डोळा पाहिला होता. "आतला पडदा सुटतोय. कडेची नजर गेलीय, मधली शाबूत आहे. आजच मुंबईला न्या. हल्ली यावर शस्त्रक्रिया होते, मधली नजर वाचेल. तीही गेली, तर मग मला भरवसा देता यायचा नाही. तोवर पडून राहू दे. वाकायचं तर मुळीच नाही."

मुंबईला! तिथे कसं लागलं ते विचारणार, आणि पद्माचं माहेरही तिथेच. त्यापेक्षा देवी बरी. ती उलट विचारत नाही. आणि सुनेचा डोळा गेलाच, तर दुसरा आहेच की!

उजवी पाकळी पडली.

"दिला! उजवा कौल दिला!" तात्या हरखले. मागे उभा असलेला रामचंद्र फासावरून उतरवल्यासारखा हसला. बायकोकडे मात्र त्या शूराने पाहिलं नाही.

"आता कशाला हवी मुंबई? पद्मा, देवीच्या पाया पड."

"मामंजी, डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय."

"देवी मोठी की डॉक्टर?"

ती उठेना. तेव्हा रामचंद्रने तिला ओढत पुढे नेलं आणि मानेवर हात ठेवून तिचं कपाळ दगडाला टेकवलं.

डोकं वर करून पद्माने उजवा डोळा झाकला. तिने समईकडे तोंड केलं.

"दिसतंय ना?" तात्यांनी विचारलं.

"समईसुद्धा दिसत नाही."

"येईल हो हळूहळू. देवीचा शब्द आहे."

पद्माने हात काढला. एका डोळ्याने तिने बापलेकांना नीट पाहून घेतलं आणि गुरवाला म्हणाली, "पुन्हा लावा. आता मी विचारते. आई, गडू यांनी मारला असेल तर उजवी पाकळी पाड."

गुरवाने पाकळ्या पाण्यात बुडवल्या. तात्यांनी झेप घेऊन त्याचा हात धरला.