कुंपणाची सुई

रेवतीबाईंचा नवरा गेला, तेव्हा दवाखान्याने मृत्यूच्या दाखल्यासोबत त्यांना सुईही टोचली. त्या सुईने मेंदूभोवतीचं कुंपण घट्ट होतं; रक्तातलं दुःख आत शिरत नाही. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांत कोण खरं रडलं आणि कोणी नुसताच पदर डोळ्यांना लावला, हे त्या निवांत बघत होत्या.

"वहिनी, दोन टिपं तरी गाळा. लोक बघतायत," नणंद कुजबुजली.

"तुझी तरी कुठं गळलीत?"

पहिलीचा अंमल उतरायच्या आत नर्स दुसरी सुई घेऊन आली. रेवतीबाईंचा हात लटलट कापत होता. तो शेजारणीचा असावा, तसा त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"भीती वाटते का?" नर्सने विचारलं.

"नाही गं. हे गेले, ते हाताला कळलंय. मला अजून कळायचंय."

त्यांनी हात पदराखाली घेतला.