शेजारच्या सीटची जाळी

द्वारकाबाई गेल्या, त्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा. माहेरी आलेल्या अरुंधतीला गाडीत शेजारी बसवून जयसिंगराव सुदामा नगरहून बडा गणपतीच्या गॅरेजपर्यंत आले, तोवर त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"एसी पिछले साल तक एकदम बर्फ था, भिया," ते मेकॅनिकला म्हणाले. "गैस भर दो."

मेकॅनिकने मीटर लावून पाहिलं, पाइपाच्या जोडावर साचलेला जुना काळा चिकटा बोटाने खरवडला. "बाबूजी, ये आज का लीकेज नहीं है. गैस तो सालों से कम है. आपको ठंडा लगता कैसे था?"

अरुंधतीच म्हणाली, "आबा, आईच्या बाजूची जाळी बंद होती ना. सगळी हवा तुमच्याकडेच येत असणार. आज मी उघडली."

"हो, हो! तिला एसी कुठे सोसायचा! गाडीत बसली की आधी जाळी बंद. अगदी मे महिन्यात महूला जातानासुद्धा. म्हणायची, मला थंडी वाजते, तुमच्याकडेच राहू दे."

मेकॅनिकने गॅस भरला. आता दोन्ही जाळ्यांतून गारेगार हवा यायला लागली. अरुंधती पैसे द्यायला उतरली, तेव्हा जयसिंगराव शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत बसले.



घरी मात्र कूलरसमोरची खाट द्वारकाबाईंनी हयातभर कुणाला मिळू दिली नव्हती.