देवघरातली घंटा

देवघरातली घंटा गायब झाली म्हणून शोधत आले, तर सून ती हातात धरून हॉलमध्ये चालत होती. फरशीवर खडूचं रिंगण, त्या रेघेवरच एकेक पाऊल, आणि घंटेचा आवाज मात्र नाही.

काल मसूर या वाटीतून त्या वाटीत ओतत बसली होती. म्हणे मॉन्टेसरीची टीचर व्हायचा कोर्स! त्यात बाराखडी नको? मला तर करणीचाच संशय आला. लेकाला फोन लावला, “हिला माहेरी पाठव.”

तो हसायलाच लागला. “अगं आई, घंटा न वाजवता चालायचं, हा तीन वर्षांच्या पोरांचा धडा आहे.”

तीन वर्षांच्या? सून बाजारात गेल्यावर मी घंटा उचलली. दुसऱ्याच पावलाला खणखणली.

दारात पिशवी घेऊन सून उभी. “आई, पुन्हा पहिल्यापासून. मी थांबते.”